रॅपच्या भाषेवरची टीका

रॅप गाण्यांतल्या शिव्या, बायकांबद्दलचे घाण शब्द आणि बंदूक-ड्रग्जचं कौतुक यावर अमेरिकेत १९८० च्या दशकापासून वाद चालू आहे. टिपर गोर वगैरे वॉशिंग्टनच्या नेत्यांच्या बायकांनी १९८५ मध्ये मोहीम काढली तेव्हा निशाण्यावर मुख्यतः रॉक-पॉप होतं, पण त्यातून पालकांना सावध करणारं जे लेबल आलं ते पुढे रॅपच्या अल्बमवरच जास्त दिसायला लागलं. १९८९ मध्ये तर एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या, पोलिसांना शिव्या घालणाऱ्या गाण्यावरून एफबीआयच्या अधिकाऱ्याने थेट रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं.

सगळ्यात गाजलं ते टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचं प्रकरण. जून १९९० मध्ये फ्लोरिडातल्या फेडरल जजने त्यांचा अल्बम अश्लील ठरवला, दोनच दिवसांत तो विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली आणि मग एका क्लबमधल्या शोनंतर बँडमधल्या पोरांनाही. खटल्यात साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स साक्षीला आले आणि एकमेकांना यमकात शिव्या देण्याचा खेळ कृष्णवर्णीयांमध्ये किती जुना आहे ते त्यांनी समजावलं. शोची टेप ऐकताना ज्यूरीला हसू आवरेना, हसलं तर चालेल का असं त्यांनी जजला चक्क चिठ्ठी पाठवून विचारलं! पोरं निर्दोष सुटली, १९९२ मध्ये वरच्या कोर्टाने अल्बमवरचा निकालही फिरवला.

पण हे फक्त गोऱ्यांचं नाक मुरडणं होतं असं समजणं चूक आहे. सी. डेलोरेस टकर या स्वतः कृष्णवर्णीय, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात चाललेल्या बाई, त्यांनी टाइम वॉर्नर या बड्या मनोरंजन कंपनीचे शेअर घेतले आणि १९९५ च्या भागधारकांच्या सभेत उभं राहून कंपनीच्या साहेबांना जाब विचारला की असली गाणी विकून पैसा का कमावता. त्याच वर्षी कंपनीने असली गाणी काढणाऱ्या इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतला आपला हिस्सा विकून टाकला. मला टकरबाईंचा मुद्दा आजही बिनतोड वाटतो, कारण शिवी देणारा पोरगा वस्तीतला असला तरी ती देशभर विकणारी कंपनी वस्तीतली नव्हती, आणि पोलिसांना दिलेली शिवी अन् शेजारच्या पोरीला दिलेली शिवी एका तागडीत तोलता येत नाही, पहिलीत निदान अन्यायाचा राग तरी असतो.

आपल्याकडेही २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या इमारतीत शूट केलेल्या शिवराळ रॅपवरून गुन्हा दाखल झाला होता.

रॅपमधल्या बायकाही गप्प बसल्या नव्हत्या. क्वीन लतिफाने १९९३ मध्ये रॅपमधूनच, बायकांना कुत्री म्हणणाऱ्यांना तोंडावर सुनावलं आणि त्या गाण्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं.