पाण्यावरच्या दोन हद्दी: एक अपघातासाठी, एक घातपातासाठी

कारखान्याच्या फाटकावर ‘हेल्मेट घाला’ असे बजावणारी पाटी सुरक्षेची असते आणि त्याच फाटकाशी कामगाराची पिशवी तपासणारा माणूसही सुरक्षेचाच असतो. इंग्रजीत पहिलीला ‘सेफ्टी’ आणि दुसऱ्याच्या कामाला ‘सिक्युरिटी’ म्हणतात. मराठीत आपण दोन्हींवर ‘सुरक्षा’ हे एकच पांघरूण घालतो. जमिनीवर त्याने फारसे बिघडत नाही. पाण्यावर मात्र बिघडते, कारण तिथे कुंपण घालता येत नाही, चार बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) आणि एक लाल कापड एवढ्यावर हद्द उभी राहते, आणि ती हद्द कोणत्या जातीची आहे हे होडीतल्या माणसाला दिसत नाही. खरे तर हा फरक सांगायला मराठीकडे इंग्रजीपेक्षा नेमकी जोडी आहे: अपघात आणि घातपात. तात्पुरते सुरक्षा क्षेत्र अपघाताला धरून आखले जाते, तर संरक्षित किंवा निषिद्ध क्षेत्र घातपाताला धरून.

उदाहरण मराठवाड्यातलेच घेऊ, मात्र ते कल्पित आहे हे आधीच सांगतो. पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाला लागून एका कामावर अडीच मीटर व्यासाच्या जलवाहिनीची दाबचाचणी, म्हणजे आत दाब चढवून ती टिकते का हे पाहणे, व्हायची आहे. वाहिनीचे बंद केलेले टोक पाण्याच्या दिशेला आहे आणि समोरच्या पाण्यात भोई समाजाच्या मासेमारांची जाळी लागतात. चाचणीच्या दिवशी काही तास त्या पट्ट्यात कोणी येऊ नये, असा आदेश निघतो. थोड्याच अंतरावर धरणाची भिंत आणि दरवाजे आहेत. समजा, तिथेही होडी आणू नये अशी पाटी आहे. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘प्रवेश बंद’. पण पहिली मनाई पाइपातल्या दाबामुळे आहे आणि दुसरी कोणाच्या तरी मनातल्या हेतूच्या शंकेमुळे.

दाबाचे गणित आधी पाहू, कारण पहिल्या हद्दीचा सगळा आधार तेच आहे. कामावरची माणसे ज्याला ‘दहा किलोचे प्रेशर’ म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो, तेवढ्या दाबाखाली पाणी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे एक घनमीटर पाण्यात साठणारी ऊर्जा फार थोडी असते. साधारण तेवीस किलोचे ओझे एक मीटर उचलायला लागते तेवढीच. त्याच दाबाची एक घनमीटर हवा एकदम मोकळी झाली, तर एक टनाचे ओझे सुमारे १४० मीटर उंच नेण्याइतकी ऊर्जा सुटते. म्हणजे फरक सुमारे सहा हजार पटींचा आहे. पाण्याने भरलेली वाहिनी फुटली की दाब क्षणात कोसळतो आणि पाणी वाहू लागते. हवेने भरलेली वाहिनी फुटली की स्फोट होतो. म्हणूनच जिथे शक्य आहे तिथे चाचणी पाण्याने करावी, हवेने करायची वेळ आलीच तर दाब टप्प्याटप्प्याने चढवावा आणि माणसे फार दूर ठेवावीत, असा अभियांत्रिकीचा दंडक आहे.

मराठवाड्यात या दंडकापुढे एक वेगळाच मोह उभा राहतो. अडीच मीटर व्यासाची एक किलोमीटर वाहिनी भरायला सुमारे ४९ लाख लिटर पाणी लागते, म्हणजे बारा हजार लिटरचे चारशेहून अधिक टँकर. उन्हाळ्यात ज्या गावात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत मांडलेले असतात, तिथला माणूस ‘एवढे पाणी निव्वळ पाइप तपासायला?’ असे विचारणार, आणि त्याचा प्रश्न चुकीचा नाही. पण तेवढ्याच लांबीत दहा किलो दाबाने हवा भरली, तर साठलेली ऊर्जा सुमारे दीड टन टीएनटी या स्फोटकाच्या घरात जाते. ती सगळी एका क्षणी एकाच जागी बाहेर पडेल असे नाही. तरी अंतर ठरवताना ती जमेस धरावी लागते. एका भागातले पाणी पुढच्या भागात घेऊन चाचणी पुढे सरकवता येते, हे पाणी वाचवण्याचे बरे उत्तर आहे.

पाण्याची चाचणी निर्धोक असते, असा मात्र याचा अर्थ नाही. अडीच मीटर व्यासाच्या टोकावरच्या झाकणावर दहा किलो दाबाने सुमारे पाचशे टनांचा रेटा येतो. झाकणाचा टेकू किंवा वळणावरचा काँक्रीटचा ठोकळा सरकला, तर ते झाकण ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला सुटते. शिवाय भरताना उंचवट्यांवर हवा अडकून राहिली, तर नावाला पाण्याची असलेली चाचणी तेवढ्या भागापुरती हवेचीच होऊन बसते. त्यासाठी वाहिनी सावकाश भरणे आणि हवेच्या झडपा उघड्या ठेवणे आवश्यक असते.

यातून पहिल्या हद्दीचा आकार निघतो. झाकणाच्या रेषेत ती लांब असते, बाजूंना तुलनेने आखूड, म्हणजे ती गोल असेलच असे नाही. स्फोटाच्या धक्क्याचा हिशेब करताना अंतर ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा आठपट झाली की अंतर दुप्पट. पाण्यावर त्यात आणखी काही गोष्टी मिळवाव्या लागतात. जमिनीवरच्या माणसाला बांध, भिंत किंवा झाडाचा आडोसा मिळतो, पाण्यावर तो नसतो. वल्ह्याच्या होडीला दोन मिनिटांत पाचशे मीटर दूर जाता येत नाही, आणि जायकवाडीच्या फुगवट्यात काही ठिकाणी लोक ज्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसतात त्याला तर साधी मोठी लाटही पुरते. पाण्याखाली ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, हवेत सुमारे ३४० मीटरने. पाण्याखाली बसलेला धक्का फुप्फुसांना आणि माशांच्या वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) हवेतल्यापेक्षा अधिक इजा करतो. म्हणून पाणबुड्याला होडीपेक्षाही लांब ठेवावे लागते.

दुसऱ्या हद्दीत यातले कोणतेच गणित लागू पडत नाही. तिथे धोका बाहेरून आत येत असतो. पहिल्या हद्दीत आतल्या वस्तूपासून बाहेरच्या माणसाला जपायचे असते, दुसऱ्यात बाहेरच्या माणसापासून आतल्या वस्तूला. अंतर ठरते ते पहारेकऱ्याला होडी कधी दिसेल, तिला हटकायला आणि अडवायला किती वेळ मिळेल, यावरून.

महाराष्ट्राच्या समुद्राने ही दोन्ही चित्रे तीन-साडेतीन वर्षांच्या अंतराने पाहिली. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, जखमी स्वयंपाक्याला उतरवून घेण्यासाठी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या उत्तर फलाटाजवळ गेलेली ‘समुद्र सुरक्षा’ ही नौका लाटांच्या जोराने फलाटावर आदळली, वायूची उभी वाहिनी फुटली, आग लागली आणि दोन तासांच्या आत फलाट कोसळला. २२ माणसे गेली. ती नौका परकी नव्हती; तिला तिथे बोलावलेले होते आणि आलेली माणसे मदतीलाच आलेली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी उतरले, ते हेतू ठरवून. पहिल्या घटनेत ओळखपत्र तपासून काहीच साधले नसते. दुसऱ्या घटनेत होडी कोणाची आणि कुठून आली हाच सगळा प्रश्न होता. समुद्रातल्या अशा फलाटांभोवती जास्तीत जास्त ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र आखण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने दिली आहे.

म्हणूनच दोन्ही हद्दींत ‘अधिकृत व्यक्ती वगळून’ या शब्दांचा अर्थ सारखा राहत नाही. निषिद्ध क्षेत्रात परवाना असलेला माणूस जातो, परवाना नसलेला जात नाही, आणि ते योग्यच आहे. दाबचाचणीच्या क्षेत्रात झाकणाच्या रेषेत कोणीच उभे राहायचे नसते: अभियंता नाही, ठेकेदार नाही, पाहणीला आलेला साहेब नाही आणि बंदोबस्ताला आणलेला शिपाईसुद्धा नाही. पोलिसाची होडी आत आणि मासेमाराची बाहेर, असे चित्र दाबचाचणीच्या वेळी दिसले, तर त्या कामावर हद्दीचा अर्थ कोणालाच कळलेला नाही असे मी समजेन. धक्का हुद्दा पाहून लागत नाही.

अमेरिकेत या दोन हद्दींना कायद्यानेच दोन नावे आहेत. बंदर-सुरक्षेच्या १९७२ च्या कायद्याखाली तटरक्षक दल ‘सेफ्टी झोन’ जाहीर करते. घातक चाचणी, आतषबाजी, पुलाचे पाडकाम अशा कामांसाठी काही तास किंवा दिवसांपुरते. ‘सिक्युरिटी झोन’ची मुळे १९५० च्या मॅग्नसन कायद्यात आहेत, जो शीतयुद्धाच्या काळात घातपाताच्या भीतीतून झाला आणि ज्याच्या भंगाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तिथल्या नौदलाच्या जहाजाभोवती ५०० यार्डांत वेग कमीत कमी ठेवावा लागतो आणि १०० यार्डांत परवानगीशिवाय शिरता येत नाही. ही हद्द जहाजाबरोबर चालत राहते.

आपल्याकडे देशांतर्गत जलाशयांसाठी अशी नेटकी दोन नावे रूढ नाहीत, पण हत्यारे वेगवेगळी आहेत. तातडीच्या धोक्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली, दंडाधिकारी लेखी आदेश काढू शकतात. त्या आदेशात प्रकरणातील महत्त्वाची तथ्ये नमूद करावी लागतात आणि तो साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. वाढ द्यायची तर राज्य शासनाने द्यावी लागते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरणालाही धोक्याच्या भागातला प्रवेश रोखता येतो. आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, त्यातून मानवी जिवाला धोका होत असेल तर, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घातपाताच्या बाजूला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा उभा आहे. केंद्र सरकार अधिसूचनेने जलमार्ग किंवा पाणी-विजेची कामे ‘निषिद्ध स्थान’ ठरवू शकते, आणि राष्ट्राच्या हिताला बाध येईल अशा हेतूने तिथे गेलेल्याला तीन वर्षांपर्यंत, संरक्षणविषयक ठिकाणी चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथेही शिक्षेची गाठ हेतूशी बांधलेली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जाळे वाहून गेले म्हणून हद्दीत शिरलेल्या भोयाला हा कायदा दाखवून दटावणे म्हणजे अपघाताच्या पाटीवर घातपाताचा शिक्का मारणे होय.

सर्वांत ठळक फरक माहिती देण्यात आहे. निषिद्ध क्षेत्राबद्दल जितके कमी बोलावे तितके बरे असते. पहारा कधी बदलतो, नजर कुठून ठेवली जाते, हे सांगितले तर हद्दीचा उपयोगच संपतो. अपघाताच्या हद्दीचे नेमके उलटे आहे. ती सांगितल्यानेच काम करते. चाचणी कधी सुरू होणार, पाण्याची की हवेची, झाकणाचे तोंड कुठे, कोणत्या बोयापासून कोणत्या बोयापर्यंत जायचे नाही, हे जितक्या लोकांना कळेल तितकी ती हद्द पक्की होते. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढेच लिहून आदेश काढणारे कार्यालय नकळत पहिल्या हद्दीला दुसरीची सवय लावते: कारण सांगायचे नाही, वेळ सांगायची नाही, आणि काम संपल्यावर पाटी काढायची नाही.

शेवटचा मुद्दा पाटी काढण्याचा, आणि मासेमारांच्या दृष्टीने तोच मोठा आहे. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेने पैसे भरून घेतलेला असतो. पट्टा एक दिवस बंद राहिला तर एक दिवसाची कमाई जाते, आणि पाटी विसरून राहिली तर सगळा हंगाम जातो. घातपाताची शंका कधी संपली हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे निषिद्ध क्षेत्र वर्षानुवर्षे राहू शकते. दाब मात्र संपतो, आणि तो संपल्याचे दाबमापकाच्या काट्यावर दिसते. काटा शून्यावर आला, झडपा उघडल्या, टोकाचे झाकण मोकळे केले की ती हद्द उरत नाही. म्हणून आदेशातच ‘सकाळी आठ ते दुपारी दोन, अथवा दाब शून्यावर आल्याची लेखी नोंद होईपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल ते’ असे वाक्य असावे, आणि चाचणी फसली तर दुसरी तारीख नव्या आदेशाने जाहीर करावी.

वेळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कार्यालयात बसून ध्यानात येत नाही. मासेमार जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. चाचणीच्या दिवशी सकाळी सात वाजता ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली, तर जाळी आधीच पाण्यात असतात आणि ती सोडून यायला कोणी तयार होत नाही. हजार-दोन हजारांचे जाळे वाऱ्यावर टाकून कोण येईल? त्यामुळे दवंडी आदल्या दिवशी दुपारी, जाळी घेऊन माणसे काठावर उतरण्याआधी, पोलीस पाटील आणि संस्थेच्या चेअरमनला सोबत घेऊन, वस्तीवर जाऊन द्यावी लागते.