पार्श्वभूमी: जुन्या दागिन्यांचा माग १९६३ पाशी का तुटतो

वारशात आलेल्या दागिन्याचं वय विचारलं की उत्तर बहुधा थेट पेशवाईत जातं. चिंचपेटी, तन्मणी, वज्रटीक यांची घडण त्या काळापासूनची असेलही, पण हातातला नग तेवढा जुना असण्याची शक्यता कमीच. सोनं आपल्याकडे मोडायचं आणि पुन्हा घडवायचं असायचं. आईचे गोठ मोडून मुलीच्या पाटल्या व्हायच्या आणि दुष्काळी सालात त्याच पाटल्या सावकाराकडे जायच्या. म्हणून माग शोधताना दोनशे वर्षं मागे जाण्याआधी अलीकडची साठ वर्षं तपासावीत. माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे.

चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याची तस्करी जोरात होती. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, चौदामध्ये ५८.३. लोकांनी या ‘चौदा कॅरेटी’ मालाकडे पाठ फिरवली. सोनारआळ्या ओस पडल्या, हजारो कारागीर बेकार झाले आणि सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. असंतोष वाढल्यावर त्याच वर्षी नियम सैल झाले. गिऱ्हाइकाने स्वतःचे जुने दागिने आणून दिले तर स्वतंत्र धंदा करणाऱ्या सोनाराला त्यातून १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवून देता येईल, असं ठरलं.

या सवलतीचं कौतुक आजही होतं आणि कारागिरांच्या पोटाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. लग्नासाठी बावीस कॅरेटचं काही हवं असेल तर सरळ मार्ग एकच उरला, तो म्हणजे घरातलं जुनं मुशीत टाकणं. आधीही दागिने मोडले जात, पण तेव्हा नवं सोनं विकत घेण्याचा पर्याय होता. आता मोडीला कायद्याचंच प्रोत्साहन मिळालं. जुने तोडे, हाताने ठोकलेले गोठ, जाड वाक्या अशा वजनदार वस्तू आधी गेल्या असणार, कारण एका नगातून दोन-तीन नवे निघत. आयात आणि तस्करी रोखायला कडक उपाय हवे होते, हा धोरणाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र तस्करी थांबली नाही, आणि जुनी घडण गेली ती गेलीच.

१४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. १९६८ च्या कायद्याने घरात सोन्याच्या लगडी ठेवायला बंदी घातली आणि एका व्यक्तीकडे दोन किलोपेक्षा जास्त दागिने असतील तर ते जाहीर करणं सक्तीचं केलं. सामान्य घर त्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं, त्यामुळे त्या काळचा सरकारी कागद आपल्या कपाटात सापडत नाही. कायदा रद्द झाला जून १९९० मध्ये.

कागद सापडतो तो पुढचा, १९९७ चा, आणि तोच सर्वांत फसवा. त्या वर्षीच्या स्वेच्छा उत्पन्न प्रकटीकरण योजनेत १ एप्रिल १९८७ पूर्वी घेतलेल्या दागिन्यांचं मोल १९८७ च्या भावाने धरायची मुभा होती. भाव जुना म्हणजे मोल कमी आणि करही कमी. साहजिकच बरंच सोनं आणि चांदी कागदावर ‘१९८७ पूर्वीची’ झाली. सरकारी लेखापरीक्षणातही नंतर या तरतुदीवर बोट ठेवलं गेलं. म्हणून मूल्यांकन-पत्रात ‘वडिलोपार्जित’ असा शेरा दिसला तरी तो वयाचा पुरावा मानू नये. वाटणीपत्र, लग्नातली याद, सावकाराची गहाणपावती हे कागद जास्त भरवशाचे, कारण ते लिहिताना कर डोक्यात नसायचा.

मात्र याद वाचताना तोळ्याकडे लक्ष हवं. जुना तोळा १२ माशांचा, ११.६६ ग्रॅमचा. आज बोलण्यात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुन्या यादीतले २५ तोळे म्हणजे सुमारे २९१ ग्रॅम, आजच्या हिशेबाने अडीचशे. मधल्या चाळीसेक ग्रॅमवरून भावाभावांत बोलणं बंद झाल्याची उदाहरणं आहेत.

चांदीची गोष्ट वेगळी. तिच्या घडणीवर अशी बंदी आली नाही, आणि आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची चाल. ताम्हन, पळी-पंचपात्री, अत्तरदाणीच्या बुडाशी नाव, गाव, कधी शके सापडतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन साधारण कळतं. नाव नंतरही घालता येतं आणि ते आहेर देणाऱ्याचंही असू शकतं, एवढं ध्यानात ठेवावं. देवाचे टाक झिजले की नवे करायचे आणि जुने विसर्जित करायचे ही अनेक घरांची रीत, त्यामुळे देव्हारा जुना असला तरी टाक तेवढे जुने असतीलच असं नाही. शुद्धता ९१.७ टक्क्यांच्या आसपास निघाली तर भांडं राणीछाप किंवा राजाछाप रुपये आटवून केलेलं असू शकतं, कारण १९४० पर्यंत रुपयाची चांदी तेवढीच होती. इंग्लंडातून आलेल्या चांदीवर सिंह, गावाची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. सोबत राजा-राणीचं मुंडकं असेल तर ती बहुधा १७८४ ते १८९० मधली. हिंदुस्थानात तशी तपासणीची सोय नव्हती. इथल्या भांड्यावर फार तर घडवणाऱ्याची खूण मिळते. भूजच्या एका कारागिराची खूण त्यामुळेच संग्राहकांत एवढी प्रसिद्ध झाली. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच.

परदेशी स्थायिक झालेल्यांना आणखी एक कायदा आडवा येतो, १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष (अँटिक्विटी) ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो.

सोन्यावर हॉलमार्क आला २००० मध्ये. सुरुवातीच्या शिक्क्यांत वर्षाचं अक्षर असे, ए म्हणजे २०००, बी म्हणजे २००१. २०१७ पासून ते काढून टाकलं. वय शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय अनाकलनीय होता. जून २०२१ पासून सक्ती टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानात सहा अंक-अक्षरांच्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्या क्रमांकावरून सराफ, तपासणी केंद्र आणि तारीख कळते. घरातलं जुनं सोनं शिक्क्याविना ठेवायला अडचण नाही आणि सराफाला विकताही येतं. पण तेच आटवून नवं केलं तर क्रमांक नव्या तारखेचा मिळतो आणि आधीच्या नगाची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून मोडीला देण्याआधी नगाचे दोन्ही बाजूंनी फोटो, ग्रॅममधलं वजन आणि फिरकीचा आणि डाकाचा (सोन्याच्या जोडाचा) जवळून काढलेला फोटो घरात ठेवावा.