चौकोन आणि प्रश्नचिन्ह: अक्षरं गेली, की नुसती दिसेनाशी झाली?

बेळगावच्या खडेबाजारात, शहापुरात किंवा निपाणीच्या एखाद्या आडत दुकानात बिलिंगचा प्रोग्राम बसवून दिला की एक तक्रार कधी ना कधी येतेच: "नावच येईनासं झालंय बघा." फोनवर एवढंच कळतं. पण या वाक्याखाली दोन निराळे बिघाड असू शकतात. एकात नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, दुसऱ्यात प्रश्नचिन्हं. दुकानदाराला दोन्ही सारखीच, कारण नाव वाचता येत नाही ते नाहीच. प्रोग्रामरने मात्र पहिला प्रश्न हाच विचारावा, चौकोन की प्रश्नचिन्ह? आणि उत्तर प्रश्नचिन्ह असं आलं, तर पुढचं काहीही विचारायच्या आधी सांगून टाकावं: सेव्ह दाबू नका.

चौकोनाचं आधी उरकून घेऊ, ते सोपं आहे. प्रोग्रामने विंडोजला अक्षर बरोबर दिलेलं असतं, पण ज्या फॉन्टने ते काढायचं त्यात त्या अक्षराचं चित्रच नसतं. अशा वेळेसाठी फॉन्टमध्ये एक राखीव चित्र ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा रिकामा चौकोन. डेटाबेसमधल्या नावाला धक्काही लागलेला नसतो. खात्री करायची तर ते चौकोन कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे अक्षरं उमटली की विषय फॉन्टचा.

सीमाभागात हा चौकोन जरा जास्तच भेटतो. कोल्हापूर-पुण्याकडे तयार झालेला प्रोग्राम तिकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो, कारण गिऱ्हाइकांची नावं एकतर मराठीत, नाहीतर इंग्रजीत. रिपोर्टच्या डिझाइनमध्ये मंगल फॉन्ट घालून दिलेला असतो. तोच प्रोग्राम चिकोडी, गोकाक, बेळगावात आला की पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या यादीत, मराठी नावाखाली कन्नड नाव येतं आणि मंगलमध्ये कन्नड लिपी नाही. हुबळीकडून आलेल्या प्रोग्रामची गत उलटी. त्यात तुंगा फॉन्ट असतो, त्यात कन्नड सुरेख, पण देवनागरी नाही. दोन्हीकडच्या मंडळींनी आपापल्या गावात टेस्टिंग व्यवस्थित केलेलं असतं, म्हणूनच त्यांना हे फोनवर सांगून पटत नाही.

यात फसवणूक अशी की स्क्रीनवर बहुतेकदा सगळं ठीक दिसतं. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर विंडोज पडद्याआड दुसरा फॉन्ट लावून वेळ निभावून नेतं. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला (प्रोग्रामला जोडलेल्या तयार कोडला) ही सोय असेलच असं नाही, त्यामुळे टेक्स्टबॉक्समध्ये नाव बरोबर आणि पीडीएफमध्ये चौकोन. विंडोज ८ पासून निर्मला यूआय नावाचा फॉन्ट येतो, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. बेळगावासाठी रिपोर्ट करायचा तर तोच घ्यावा. विंडोज १० मध्ये मंगल आणि तुंगा आपोआप मिळतीलच असं धरू नका. ते पर्यायी फॉन्ट म्हणून वेगळे काढले आहेत, हवे तर सेटिंगमधून उतरवून घ्यावे लागतात. उलट विंडोज ७ वर निर्मला नाही, आणि विंडोज ७ चं मशीन दुकानात अजूनही भेटू शकतं. विंडोजचे स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची दोन साधनं आहेत, डब्ल्यूपीएफ आणि विनफॉर्म्स. डब्ल्यूपीएफमध्ये फॉन्टच्या जागी स्वल्पविराम देऊन तीन नावं ओळीने लिहिता येतात, म्हणजे पहिला नसला तर दुसरा. विनफॉर्म्सला एकच नाव चालतं, आणि तो फॉन्ट मशीनवर नसेल तर ते कुरकुर न करता मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ उचलतं. एररही येत नाही. म्हणून फॉन्ट तयार केल्यावर त्याचं नाव आपण मागितलेल्या नावाशी जुळतं का, ही तुलना कोडमध्येच एका ओळीत करून ठेवावी.

पीडीएफमधली आणखी एक गंमत. फॉन्ट आत बसवला, चौकोन गेले, पण "निपाणी"मधली पहिली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसली. म्हणजे लायब्ररीला अक्षरं काढता येतात, पण मात्रा आणि जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. हाही दिसण्याचाच दोष आहे. लायब्ररी बदला, डेटाला हात लावू नका.

आता प्रश्नचिन्ह. इथे प्रकरण गंभीर आहे.

विंडोजच्या पोटात अक्षरं युनिकोडमध्ये असतात, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणाऱ्या एकाच मोठ्या यादीत. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम, जुने डेटाबेस रकाने आणि जुनी फंक्शनं मात्र एका बाइटच्या कोडपेजवर, म्हणजे अक्षर-क्रमांकांच्या छोट्या जुन्या यादीवर चालतात. आपल्याकडच्या मशीनवर ते सहसा विंडोज-१२५२ असतं. त्यात जागा २५६, आणि त्यात म किंवा ळ साठी खोलीच नाही. देवनागरी आणि कन्नड विंडोजवर पहिल्यापासून युनिकोडच्याच भरवशावर आहेत. मग युनिकोडमधलं "बेळगाव" त्या कोडपेजमध्ये कोंबलं जातं तेव्हा विंडोज प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं आणि पुढे जातं. एक्सेप्शन नाही, इशारा नाही. प्रश्नचिन्हाचा क्रमांक ६३, त्यामुळे ब चाही ६३ झाला, ळ चाही ६३ आणि कन्नड अक्षराचाही ६३. यातून मूळ अक्षर परत काढायचा उपाय नाही. "फॉन्ट टाकून देतो" म्हणणारा माणूस इथे दुकानदाराचा वेळ खातो.

प्रश्नचिन्हं मोजून पाहा. बेळगाव दिसायला चार अक्षरं, पण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात, म्हणून चिन्हं सहा येतात. निपाणीचीही सहाच. सहा प्रश्नचिन्हांच्या जागी नेमकं काय होतं हे मोजून सांगता येत नाही, पण नाव पूर्ण आलं होतं आणि वाटेत रूपांतर झालं, एवढं त्यावरून कळतं.

हे घडतं कुठे? सर्वात जास्त एस्क्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये, रकाना एनव्हारचारऐवजी (युनिकोड मजकुराचा प्रकार) व्हारचार (कोडपेजवरचा प्रकार) ठेवल्यामुळे. रकाना बरोबर असूनही क्वेरीतल्या मजकुराच्या आधी मोठा इंग्रजी एन लावायचा राहिला, तरी तेच. पॅरामीटर वापरला पण त्याचा प्रकार व्हारचार दिला, तरी तेच. त्यानंतर नंबर लागतो व्हीबी ६ चा, म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचा. १९९८ सालची ती चीज अजून किती काउंटरवर चालते हे इकडे फिरल्याशिवाय कळत नाही. तिच्या पोटात स्ट्रिंग युनिकोडच असते, पण तिचे नेहमीचे टेक्स्टबॉक्स आणि लेबल कोडपेजवर चालतात. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये फाइल लिहिताना एनकोडिंग.डिफॉल्ट दिलं तर तेही कोडपेजवरच जातं. नव्या डॉटनेटमध्ये त्याच नावाचा अर्थ युटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) झाला आहे, त्यामुळे तोच कोड जुन्या डॉटनेटवर प्रश्नचिन्हं देतो आणि नव्यावर अक्षरं. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह करणं हा आणखी एक सापळा.

पण खरा घोळ यापुढे आहे. स्क्रीनवर प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे डेटाबेसमध्येही तेच आहे, असं नाही. समजा पार्टी मास्टर एनव्हारचारमध्ये नीट आहे, नवा रिपोर्ट सी शार्पमध्ये आहे, आणि नोंदीचा स्क्रीन अजून जुना, व्हीबी ६ चा. रिपोर्टमध्ये नाव बरोबर येतं, नोंदीच्या स्क्रीनवर सहा प्रश्नचिन्हं दिसतात. ऑपरेटर पार्टीचा मोबाइल नंबर बदलायला तो स्क्रीन उघडतो, नंबर बदलतो, सेव्ह दाबतो. टेक्स्टबॉक्समधली सहा प्रश्नचिन्हं नाव म्हणून डेटाबेसमध्ये जातात. दुसऱ्या दिवशी रिपोर्टही बिघडतो, आणि सगळे रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या मागे लागतात, कारण "काल चालत होतं". सेव्ह दाबू नका म्हणायचं ते यासाठी.

म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता आकडा बघावा. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोड नावाचं फंक्शन आहे, ते पहिल्या चिन्हाचा क्रमांक देतं. बेळगावसाठी २३४८ आला तर नाव शाबूत आहे, ६३ आला तर गेलं. कन्नडमध्ये ब ने सुरू होणाऱ्या नावाला ३२४४ यायला हवा. देवनागरीचा पट्टा २३०४ पासून सुरू होतो, कन्नडचा ३२०० पासून, आणि ब दोन्हीत सुरुवातीपासून ४४ घरांवर आहे. भारतीय लिप्यांची मांडणी युनिकोडमध्ये एकाच साच्यातली आहे, त्यामुळे कन्नड येत नसलं तरी नुसत्या आकड्यावरून अक्षर ओळखता येतं. हाच आकडा प्रोग्रामच्या डीबगरमध्ये एकेका टप्प्यावर पाहत जा: डेटाबेसमधून वाचल्यावर, स्ट्रिंगमध्ये, कंट्रोलला दिल्यावर. जिथे २३४८ चा ६३ होतो तिथेच चूक आहे.

दुरुस्तीचा क्रम उलटा करू नये. आधी प्रश्नचिन्हं पाडणारी जागा बंद करायची, मग जुन्या ओळींकडे वळायचं. रकाना एनव्हारचार केल्याने पुढची नावं वाचतात, मागची परत येत नाहीत. मागची जुन्या बॅकअपमधून पार्टी क्रमांक जुळवून आणावी लागतात, आणि बॅकअप नसेल तर छापील बिलांवरून. अशा ओळी शोधताना सलग दोन प्रश्नचिन्हं असलेली नावं काढावीत. एस्क्यूएल सर्व्हरच्या लाइकमध्ये (मजकूर शोधायच्या अटीत) प्रश्नचिन्ह हे साधं चिन्ह आहे, पण अ‍ॅक्सेस या डेटाबेसमध्ये त्याचा अर्थ कोणतंही एक अक्षर असा होतो. तिथे ते चौकटी कंसात घातलं नाही तर अख्खा मास्टर समोर येतो.

नवीन कोड लिहिताना हे मुकाट होणारं नुकसान बोलकं करता येतं. डॉटनेटमध्ये एनकोडिंग घेताना एन्कोडर एक्सेप्शन फॉलबॅक द्यावा, मग प्रश्नचिन्ह पडायच्या ऐवजी प्रोग्राम तिथेच थांबतो. सी प्लस प्लसवाल्यांसाठी युनिकोडमधून कोडपेजमध्ये नेणाऱ्या विंडोजच्या फंक्शनला शेवटचा एक पॅरामीटर आहे. बदली चिन्ह वापरावं लागलं का, ते त्यात खरं-खोटं म्हणून मिळतं. बहुतेक जण तिथे रिकामं सोडतात.

या दोघांसारखीच दिसणारी पण वेगळी अशी काही पाहुणी चिन्हंही आहेत. शंकरपाळीच्या आकाराच्या काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं तर युटीएफ-८ नसलेली फाइल युटीएफ-८ समजून वाचली गेली आहे. फाइल बहुधा अजून धड असते, फक्त ती याच अवस्थेत परत सेव्ह करू नये. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसला तर उलटं घडलं आहे, म्हणजे युटीएफ-८ मजकूर १२५२ समजून वाचला गेला. त्या ए मागे चार कोपऱ्यांना टोकं असलेलं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह असेल तर मूळ मजकूर देवनागरी होता, आणि वर चढवलेला छोटा दोन किंवा तीन असेल तर कन्नड. हा मजकूर सहसा परत मिळवता येतो. आणि नुडी, श्रीलिपी, आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. त्याला रूपांतर करणारा प्रोग्राम लागतो, पण तो विषय वेगळा.

प्रश्नचिन्हांवर हल्ली एक झटपट उपाय सुचवला जातो. रीजनच्या सेटिंगमध्ये जगभरच्या भाषांसाठी युटीएफ-८ वापरण्याचा, बीटा असं लिहिलेला एक चौकोन आहे, त्यावर टिक करा म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: गिऱ्हाइकाच्या मशीनवर ते करू नये. तो बदल अख्ख्या मशीनचा कोडपेज बदलतो, आणि शेजारी चालणारा दुसरा जुना प्रोग्राम त्याने कोलमडू शकतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून हाच बदल एकट्या आपल्या प्रोग्रामपुरता, त्याच्या मॅनिफेस्ट फाइलमधून (प्रोग्रामची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमधून) करता येतो. तो मार्ग असताना दुसऱ्याच्या सेटिंगला कशाला हात लावायचा?

राहिला थर्मल प्रिंटर, म्हणजे काउंटरवरचा तो छोटा बिलाचा प्रिंटर. स्क्रीनवर नाव बरोबर, डेटाबेसमध्ये २३४८, पीडीएफही चांगली, आणि बिलावर मात्र प्रश्नचिन्हं. इथे डेटा सुरक्षित आहे. प्रोग्राम प्रिंटरला थेट बाइट पाठवतो, त्यासाठी मजकूर आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांच्या जुन्या यादीत उतरवतो, आणि प्रश्नचिन्हं त्या उतरवण्यात पडतात. युटीएफ-८ मध्ये पाठवून पाहिलं तरी अशा प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये सहसा देवनागरीही नसते आणि कन्नडही नसते, त्यामुळे भलतीच चिन्हं छापली जातात. नावाची ओळ निर्मला यूआयमध्ये चित्र म्हणून काढून ते चित्र प्रिंटरला द्यायचं, किंवा सरळ विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापायचं. चित्राने छपाई थोडी मंदावते. म्हणून नाव आणि पत्ता तेवढा चित्रात घ्यावा, वजन, दर आणि रकमेच्या ओळी साध्या मजकुरातच जाऊ द्याव्यात.