पाचशे लिटरचा समुद्र, चौथ्या मजल्यावर

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला लागून पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावायची असं मी घरी जाहीर केलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "स्लॅब धरेल का रे?" मासे कुठले, खर्च किती, काही नाही, डायरेक्ट स्लॅब. मी हसलो. रात्री कागद घेऊन बसलो आणि हसणं बंद झालं.

५ × २ × २ म्हणजे २० घनफूट, म्हणजे ५६६ लिटर. खारं पाणी जरा जड, लिटरला १.०२५ किलो, म्हणजे नुसतं पाणीच ५८० किलो झालं. त्यात १२ मिलिमीटर काचेचे शंभरएक किलो, दगड पन्नास-साठ, स्टँड, आणि खालच्या कपाटात सम्प म्हणून दुसरी छोटी टँक असते तिचं पाणी, सगळं मिळून ९०० च्या वर, आणि हे उभं राहणार एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं-फर्निचर वगैरेंचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. म्हणजे टँक लगेच खालच्यांच्या हॉलमध्ये उतरते असं नाही, कारण तो आकडा अख्ख्या खोलीवर सरसकट धरलेला असतो, पण खोलीच्या मधोमध ठेवणं आणि बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवणं यात फार फरक पडतो. बाल्कनी तर एकाच बाजूने धरलेली असते, तिथला विचारही नको. माझा मेहुणा सिव्हिलवाला, त्याने सोसायटीचा जुना प्लॅन काढायला लावला, बीम कुठून जातोय ते बघितलं, खालच्या घरात जाऊन सीलिंगला गळती आहे का, सळ्या गंजल्यात का ते पण बघितलं, आणि मग म्हणाला, "इथे ठेव, आणि तसूभर पण पुढे ओढू नकोस."

मग लोक विचारतात की छोटी का नाही घेत? तर गंमत अशी आहे की छोटी टँक जास्त अवघड. खऱ्या रीफवर दिवसभरात फारसं काही बदलत नाही, खारटपणा हजाराला ३५ च्या आसपास, तापमान एखाद-दुसऱ्या डिग्रीत, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क याचं माप) ८.१-८.२. समुद्र प्रचंड आहे म्हणून निवांत आहे. ३० लिटरच्या टँकमध्ये कोपऱ्यात एक मासा मरून पडला तर संध्याकाळपर्यंत पाण्याची वाट लागते, ५६६ लिटरमध्ये तेच घडलं तर आपल्याला दोन दिवस मिळतात. ही जी सगळी पंप-पाइप-मशीनची जत्रा आपण कपाटात भरतो ना, ती समुद्र जे नुसता मोठा असल्यामुळे फुकटात करतो ते करण्यासाठी असते.

शेजारचे काका म्हणाले, अरे खाडी समोर आहे, दोन कॅन भरून आण की! पाम बीच रोडवरून हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात ते काय उगाच येतात का? बरोबर, उगाच येत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच ते पाणी चालत नाही. ठाण्याची खाडी म्हणजे श्रीमंत पाणी, नायट्रेट-फॉस्फेट भरपूर, सांडपाण्याची भर, त्यावर शेवाळ, शेवाळावर फ्लेमिंगो. २०२२ मध्ये तिला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली ती अशा चिखलाच्या जोरावरच. रीफचं पाणी बरोब्बर उलट, काचेसारखं स्वच्छ आणि जवळजवळ उपाशी. इतक्या गरीब पाण्यात एवढी जीवसृष्टी कशी पोसली जाते, याला डार्विनचं कोडं म्हणतात (प्रवाळांच्या बेटांवर त्याने १८४२ मध्ये पुस्तक लिहिलं होतं). उत्तराचा मोठा भाग प्रवाळाच्या अंगातच आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल भाडेकरू म्हणून राहतं, ते प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला बराचसा वाटा मालकाला देतं, मालकाचा कचरा हेच त्याचं खत. घरातलं घरातच फिरतं, बाहेर काही सांडत नाही. आपण जेव्हा जास्तीचा फिशफूड टाकतो तेव्हा या काटकसरी संसारात खाडी ओततो आणि मग प्रवाळाच्या जागी हिरवं शेवाळ माजतं.

तर खाडी बाद. पावसाळ्यात तिचा खारटपणा धाडकन उतरतो ते वेगळंच. पाणी घरीच बनवायचं, म्हणजे शुद्ध पाण्यात तयार सी-सॉल्ट, लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर, पहिल्या भरणीलाच वीसेक किलो. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी प्यायला छान आहे, पण त्यात क्लोरीन असतं, आणि बिल्डिंगच्या टाक्या-पाइपांतून तांबं वगैरे जे काय येतं ते कोळंबी-गोगलगायींना सहन होत नाही. मी आधी हुशारी केली, किचनमधल्या आरओचं पाणी घेतलं. मीटर लावला तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ६०! कारण घरगुती आरओ चवीसाठी मुद्दाम थोडे क्षार परत मिसळतो. टँकसाठी वेगळा आरओ आणि त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारी डीआय रेझिनची नळी लागते, मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. वाया जाणारं पाणी आई बादलीत धरते, लादी पुसायला.

आता उष्णता, आपल्याकडचा खरा व्हिलन. रीफ टँक २५-२६ डिग्रीला सुखात असते. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा फक्त एक डिग्री जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला तरी प्रवाळ आपल्या शैवाल-भाडेकरूंना बाहेर काढतो, रंग जातो, पांढरा सांगाडा दिसायला लागतो, त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला हेच झालं. आणि आमचा हॉल मे महिन्यात ३३ ला असतो, वर पंप आणि लाइट स्वतःची उष्णता पाण्यात टाकतात ते धरून चला.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर पंखा. याचं गणित मला फार आवडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि माझी अख्खी टँक एक डिग्रीने थंड करायला साधारण तेवढीच. म्हणजे एक लिटर उडालं की एक डिग्री उतरली! माठाचीच युक्ती. पण माठ नागपुरात जसा गार होतो तसा नेरूळमध्ये होत नाही, आणि टँकचं पण तेच. हवाच ओलीचिंब असेल तर वाफ होणार कुठून, त्यामुळे जून ते ऑक्टोबर पंखा नुसता आवाज करतो. शिवाय उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, खारटपणा वाढत जातो, म्हणून सम्पमध्ये फ्लोट लावून गोडं शुद्ध पाणी आपोआप भरणारी सिस्टीम लावावी लागते. थोडक्यात काय तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन, त्याशिवाय इथे गत्यंतर नाही. पैसे वाचवायचे तर लाइटमध्ये वाचवा, मासे दोन कमी घ्या, पण चिलर घ्या.

एसीचं सुचतंच सगळ्यांना, मलाही सुचलं होतं. हॉलची दारं-खिडक्या बंद, एसी चालू, घरात पाच माणसं. तापमान मस्त झालं आणि पीएच घसरून ७.८! दोन दिवस टेस्ट किटला शिव्या घातल्या. भानगड हवेत होती. बाहेर कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो, बंद खोलीत माणसांच्या श्वासाने तो हजाराच्या वर सहज जातो, तो पाण्यात विरघळतो आणि पाणी आम्लाकडे सरकतं. मग स्किमरची हवेची नळी खिडकीतून बाहेर काढली आणि पीएच चढला.

स्किमर म्हणजे काय ते राहिलंच. उभ्या नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडतात, माश्यांच्या विष्ठेतली प्रथिनं-चरबी वगैरे ज्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात चढतात. वादळी दिवसांत किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, तोच प्रकार. वास असा येतो की कप धुण्याचं काम घरात कोणीच घेत नाही, मीच करतो.

पुढची पायरी म्हणजे काहीही न करणं, आणि तीच लोकांना जमत नाही. टँक भरली, दगड रचले, लाइट लागले, आणि आता महिना-दीड महिना एकही मासा टाकायचा नाही. विष्ठेतून, सडक्या अन्नातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात, तो बऱ्यापैकी निरुपद्रवी. या जिवाणूंची वस्ती सच्छिद्र दगडांवर बसायला वेळ लागतो. दगडाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या भागात आणखी वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. म्हणजे खरा फिल्टर दगडच. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातला जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच टँक चालते हे लिहून दाखवलं होतं. मी अमोनियाचे थेंब टाकून रोज टेस्ट करत बसलो, साडेपाच आठवडे. पाहुणे यायचे, रिकाम्या टँकमधले दगड बघायचे आणि सहानुभूतीने चहा प्यायचे.

याच काळात तो प्रकार झाला. एका रात्री लाइट गेली. सम्पमधून वर पाणी ढकलणारा रिटर्न पंप थांबला, आणि त्या पाइपचं तोंड पाण्याच्या चार सेंटीमीटर खाली होतं. सायफन सुरू, म्हणजे टँकमधलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली सम्पमध्ये ओढलं जायला लागलं. टँकचा पृष्ठभाग १० चौरस फूट, म्हणजे एक सेंटीमीटर उतरलं की ९.३ लिटर, चार सेंटीमीटरला ३७ लिटर, आणि सम्पमध्ये रिकामी जागा होती वीस लिटरची! उरलेलं खारं पाणी सोफ्याखालून दारापर्यंत, आणि सकाळी खालच्या काकू फोटो घेऊन वर. बसवणाऱ्याने पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडायला हवं होतं, पातळी तिथे आली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. एवढंच. पण चूक माझीही आहे, पाणी भरल्या दिवशी मेन स्विच मुद्दाम बंद करून बघायची साधी टेस्ट मी केली नाही. तुम्ही ती करा, पाच वेळा करा. आणि सगळी वायरिंग ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घ्या, खारं पाणी आणि प्लग एका कपाटात राहणार आहेत. लाइट जाण्याचं दुसरं दुखणं ऑक्सिजनचं, खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा वीसेक टक्के कमी मावतो, गरम पाण्यात आणखी कमी. इनव्हर्टरवर अख्खी टँक नाही चालली तरी एक पॉवरहेड, म्हणजे टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप, चालला पाहिजे.

आता प्रवाळ. इथे कायदा नीट समजून घ्या. खडक बांधणारे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. समुद्री पंखे आणि समुद्री घोडे पण. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात आणि छोटासा तुकडा उचलून आणला, असं चालत नाही. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांना सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद लागतात, दुकानदार कागदाचं नाव काढल्यावर विषय बदलायला लागला तर निघून या. प्रवाळ काही फक्त अंदमानात असतात असंही नाही, कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी-हाजी अलीच्या खडकांवरून १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. मी सुरुवात मऊ प्रवाळांपासून केली, मशरूम आणि झोअँथिड.

झोअँथिडबद्दल मात्र एक गोष्ट गंभीरपणे. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, १९७१ मध्ये हवाईत वेगळं काढलेलं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. तुकडे कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि दगड "स्वच्छ" करायला गरम पाण्यात उकळू तर अजिबात नका, वाफेतून अख्खं घर हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना परदेशात झाल्या आहेत. उलट बाजूने आपली घरगुती विषं टँकला मारतात, डासांच्या कॉइल-मशीनमधली पायरेथ्रॉइड्स कोळंबीला आणि माश्यांना घातक. नवी मुंबईत डासांची मशीन बंद ठेवा म्हणणं म्हणजे क्रूरपणा आहे, आम्ही हॉलमध्ये जाळ्या लावल्या.

कठीण प्रवाळ पुढे कधी घेतलेच तर ते सांगाड्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढत राहतात, ते परत भरावं लागतं. जुनी, स्वस्त पद्धत म्हणजे चुन्याची निवळी, रात्री थेंब थेंब, पण पानाच्या डबीतला चुना नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पीएच १२ च्या वर असतो, घाई केली तर सगळं भाजून निघेल.

मासे सगळ्यात शेवटी, आणि थोडे. माझ्याकडे सध्या फक्त दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत जन्मलेले. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात या माश्यांचं प्रजनन होतं हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. दोघांतला मोठा जो आहे तो मादी होईल, कारण क्लाउनफिश जन्मतात नर आणि जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. हे आईला सांगितल्यापासून ती रोज सकाळी टँकसमोर उभी राहून "झाली का गं?" विचारते. खालच्या काकू पण येतात, नातवाला घेऊन, आधी स्वतःच्या सीलिंगचा विषय काढतात आणि मग बसतात अर्धा तास.

मार्चच्या आत चिलरसाठी वेगळा पॉइंट काढून घ्यायचाय. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय, कुठल्या रविवारी ते नाही सांगितलं.