नवेगाव बांधचं पाणी आधी धानाचं, मग पाहुण्यांचं

हिवाळा लागला की नागपूर-रायपूरकडच्या गाड्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागतात. नवेगाव बांधचा तलाव, पहाटेचं जंगल, परतीला इटियाडोह धरण नाहीतर इथलाच (साताऱ्याचा नव्हे) प्रतापगड, असा बहुतेकांचा बेत असतो. जाहिरातीत याला 'निसर्गाची देणगी' म्हणतात. डोंगर आणि जंगलाबद्दल ते खरं आहे, तलावाबद्दल नाही. तो माणसांनी बांधला, तोही धान पिकावा म्हणून. पूर्व विदर्भात पाहुणे आज जिथे जातात त्या बऱ्याच जागांचा उगम असाच शेतीच्या पाण्यात आहे.

इथे पाऊस चांगला पडतो, पण ऐन रोवणीला किंवा धान निसवायच्या वेळी दडी मारतो. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी नसेल तर हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाचा कसाबसा निभाव लागतो, भारी (उशिरा येणारं) धान हातचं जातं. म्हणून पावसाचं पाणी अडवणं हीच इथली मूळ शेतीविद्या. त्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणून वसवलं, असं परंपरा सांगते. जंगल तोडून जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन, अशी राजांची रीत होती. पैशाने न परवडणारं काम राजांनी जमिनीच्या बोलीवर करून घेतलं, आणि बांधणाऱ्याचं पोट त्याच पाण्यावर असल्याने पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, नीट राखली गेली. आजच्या योजनांमध्ये नेमकी हीच गोष्ट सापडत नाही.

नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधून काढल्या आणि आतली दरी पाण्याने भरली. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बांध टिकावा म्हणून या बहिणींनीच हात दिला, अशी कथा आहे. पुढे कोलू पाटलांचाच कोलासूर देव झाला आणि टेकडीवर त्याचं ठाणं आलं. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा मुलूख हा. तलावाकडे येणारा पहिला पाहुणा नवस फेडायला आला असणार, फोटो काढायला नव्हे. प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा आजही त्याच जातीची गर्दी आहे. तिथे महादेवाच्या ठाण्याबरोबर दर्गाही आहे आणि भाविक दोन्हीकडे जातात.

ब्रिटिश अमलात गावोगावचे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर सरकारनेही बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव बांधले. बोदलकसाच्या काठावर पुढे पर्यटन महामंडळाचं निवासस्थान झालं. पाटबंधारे खात्याचं पाणी आणि पर्यटन खात्याच्या खोल्या, हा मेळ विदर्भात पुष्कळ ठिकाणी दिसेल.

खरा बदल मालगुजारी गेल्यावर झाला. १९५० च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात (विदर्भ त्यातच होता) मालकी हक्क संपले आणि तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्यांचे निस्ताराचे, म्हणजे तलावाचं पाणी वापरण्याचे, हक्क कागदावर राहिले, पण पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी काढायचा, हे ठरवणारा माणूस गावात उरला नाही. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत ते हजारोंनी आहेत आणि कित्येक गाळाने उथळ झालेत. मालगुजारी जुलमी होती, ती गेली हे बरंच झालं. तलावांचं मात्र नुकसान झालं, हेही मान्य करावं लागतं.

त्यानंतरची ओळख वन खात्याने दिली. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. त्यांच्या लेखणीमुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे गाव न पाहताच ठाऊक झालं. २०१३ मध्ये दोन्ही जंगलं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि पाहुण्याची नजर पाण्यावरून वाघाकडे वळली. जिप्सी, गाईड, प्रवेशद्वार, आरक्षण, सगळा नवा व्यवहार वाघाभोवती फिरतो. तलाव त्यात मागची बाजू झाला.

पक्ष्यांचं गणित मात्र अजून पाण्याचं आणि धानाचंच आहे. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलेत, आणि ते घरटं करतात धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या कडेला. जिथे बेशरम हे तण माजलं आणि देवधानासारख्या पाणवनस्पती गेल्या, तिथून मासळी आणि पाखरं दोन्ही हटली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही तलावांत ढिवर (मासेमार समाजाच्या) बायांनी बेशरम उपटून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांचा हेतू मासे हा होता, पाखरं त्यापाठोपाठ आली.

पाणी सोडण्याचं वेळापत्रकही म्हणून पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात बंद असलेलं जंगल पर्यटनासाठी ऑक्टोबरात उघडतं, त्याच सुमारास भारी धानाला शेवटचं पाणी लागतं आणि तलावातून पाट सुटतो. पाणी उतरलं की कडेचा चिखल उघडा पडतो, आणि हिवाळी चिखलपक्षी चरतात ते त्याच चिखलात. तलाव काठोकाठ भरलेला दिसावा म्हणून पाणी अडवून ठेवलं, तर धान वाळेल आणि दुर्बीण घेऊन आलेल्यालाही लांबवर तरंगणारी बदकं तेवढी दिसतील.