‘डीएनए’ म्हणण्याची परवानगी: एका विकराची पार्श्वभूमी

यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते, हे १८९७ मध्ये दिसले. ही किमया करणारे विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) हे प्रथिन असते, हे मान्य व्हायला पुढे तीसेक वर्षे गेली. तरीही डीएनएची जुळणी जिवंत पेशीबाहेर होणे अशक्य, असेच १९५०च्या दशकात अनेकांना वाटे.

अमेरिकेतल्या सेंट लुईच्या प्रयोगशाळेत आर्थर कोर्नबर्ग ही जुळणी करणारे विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, शोधत होते. तिथे ई. कोलाय जिवाणूंच्या अर्कात किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) घातले गेले. किरणोत्साराच्या दहा लाख नोंदींमागे जेमतेम पन्नासएक आम्लात न विरघळणाऱ्या साक्यात, म्हणजे डीएनए असलेल्या गाळात, उतरल्या. डीएनए तोडणारे विकर घातले की त्याही नाहीशा होत. एवढ्या पुसट खुणेचा माग काढत तो अर्क टप्प्याटप्प्याने शुद्ध केला गेला. माझ्या मते या कथेतले खरे शौर्य इथेच आहे.

१९५७ मध्ये या कामाचे दोन निबंध जैवरसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने नाकारले. आक्षेप मुख्यतः शब्दावर होता. आनुवंशिक क्रिया, म्हणजे जिवाला गुणधर्म देण्याची क्षमता, सिद्ध झाल्याशिवाय या पदार्थाला डीएनए म्हणू नये, ‘पॉलिडीऑक्सिरायबोन्यूक्लिओटाइड’ म्हणावे, असा परीक्षकांचा आग्रह होता. ‘पॉलिमरेज’ हे नावही त्यांना रुचले नाही. पण आनुवंशिक क्रियेची चाचणी तेव्हा मोजक्याच जिवाणूंत करता येई. तीच कसोटी लावली, तर निसर्गातले बहुतेक डीएनएही त्या नावाला मुकले असते. सावधगिरी समजू शकते. इथे ती अन्यायाच्या टोकाला गेली. संपादक बदलल्यावर, १९५८ मध्ये, निबंध छापले गेले. पुढच्याच वर्षी कोर्नबर्ग यांना नोबेल मिळाले.

परीक्षकांनी मागितलेला पुरावा १९६७ मध्ये आला: या विकराने घडवलेल्या विषाणूच्या डीएनएने जिवाणूंना संसर्ग केला.

मग १९६९ मध्ये नवाच पेच पडला. हजारो उत्परिवर्ती (जनुकांत बदल झालेले) जिवाणू तपासताना एक असा सापडला, ज्याच्या अर्कात या विकराची क्रिया जवळपास नव्हती आणि तरी तो नीट वाढत होता. तो अतिनील किरणांना मात्र लवकर बळी पडे. हे विकर डीएनएची प्रत काढतच नाही, अशी टीका झाली. त्याच उत्परिवर्ती जिवाणूत आणखी दोन पॉलिमरेज मिळाली. प्रत काढण्याचे मुख्य काम करणारे तिसरे पॉलिमरेज शोधण्यात कोर्नबर्ग यांचाच मुलगा होता. पहिल्याकडे डीएनएची दुरुस्ती आणि प्रत काढताना बनणाऱ्या तुकड्यांमधल्या रिकाम्या जागा भरण्याचे काम निघाले.