सात पानांचा फुटवा जंगलीच असतो का?

गुलाबाच्या फांदीला पाचऐवजी सात पानं दिसली की ती जंगली, लगेच छाटा, असं नर्सरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे सांगतात. वेली गुलाबाच्या बाबतीत हे साफ चूक आहे. मणिपूरच्या डोंगरांत वाढणाऱ्या रोझा जायगँटिया या रानटी वेली गुलाबाच्या पानात मुळातच बहुधा सात पर्णिका, म्हणजे छोटी पानं असतात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस्टर क्लार्क यांनी याच जातीच्या संकरातून उष्ण, कोरड्या हवेत तगणारे गुलाब घडवले. १९२४चा ‘लॉरेन ली’ त्यांचाच. अशा वेलीचे जोमदार कोंब छाटले, तर पुढचा बहर आपल्याच हातानं जातो. फार हळहळ वाटते.

पानं मोजू नका. बुंध्याजवळची माती बोटांनी सारून डोळा भरल्याची गाठ शोधा, म्हणजे मुळांकडच्या खुंटावर हव्या त्या गुलाबाचं कलम जिथे जोडलंय ती जागा. फुटवा गाठीखालून आला असेल, तर तो खुंटाचा. मुळाशी धरून ओढून काढा. गाठीवरचा असेल, तर जपून आडवा बांधा.